संमती कुणाची, तास कुणाचे

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले की देशातल्या तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांनी तो आकडा ९० वर नेला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत आणि दुकानं-कार्यालयांतला ९ वरून १० तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. या तिन्ही बातम्या मी लंडनच्या पश्चिमेला रेडिंगमध्ये वाचल्या. इथल्या आयटी कंपन्यांत आपली मुलं-मुली भरपूर आहेत, त्यातलीच मी एक. दर वेळी घरच्या ग्रुपवर वाद पेटला आणि दर वेळी कुणी ना कुणी विचारलं, "तू सांग, तिकडे कसं असतं?"

सांगते. पण इथलं चित्र वादातल्या कुठल्याच बाजूला पुरतं सोयीचं नाही.

माझा करार आठवड्याला साडेसदतीस तासांचा आहे. नऊला बसायचं, साडेपाचला उठायचं, मधला जेवणाचा तास आपला. उठताना कुणाकडे बघावं लागत नाही. माझ्या मॅनेजरचं कॅलेंडर सगळ्या टीमला दिसतं आणि त्यात आठवड्यातून दोनदा दुपारी तीनच्या पुढे लिहिलेलं असतं, 'मुलीला शाळेतून आणणे'. त्या वेळेत त्याला कुणी फोन करत नाही. इथे येण्याआधी मी पुण्याच्या हिंजवडीतल्या आयटी कंपनीत होते, तिथे माझ्या शेजारच्या डेस्कवर एक ताई बसायच्या. मुलाच्या शाळेत पालकसभा असली की त्या "दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येते" असं सांगून निघायच्या. दुखणं सांगितलं तर सुट्टी मिळायची. मूल सांगितलं तर "हिचं लक्ष कामात नाही" अशी नोंद व्हायची. त्या ताई माझ्या पाहण्यातल्या सगळ्यात हुशार टेस्टर होत्या. त्यांनी पुढे नोकरी सोडली. मला अजून त्याचा राग येतो.

साडेपाचनंतरचा वेळ मौजेचा असतो असं मात्र कुणी समजू नये. डिसेंबरात चारलाच अंधार पडतो. घरी येऊन स्वयंपाक, भांडी, कपडे, बाथरूम, सगळं आपणच. कोणत्या आठवड्यात कोणत्या रंगाचा कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायचा हे लक्षात ठेवावं लागतं, चुकलं तर पंधरा दिवसांचा कचरा घरात. रविवारी मी आठवड्याच्या पोळ्या करून फ्रीजरमध्ये टाकते. इथे पोळ्यांना मावशी नाहीत, धुण्याला नाहीत, आणि मूल झालं तर पाळणाघराची फी ऐकून भले भले गप्प होतात.

इथे राहिल्यावरच मला ७० तासांचं गणित नीट कळलं. आठवड्याचे सहा दिवस धरले तर रोजचे जवळपास बारा तास. त्यात हिंजवडीच्या वाटेवरच्या भूमकर चौकातल्या गर्दीतला जाता-येताचा वेळ घाला. मग उरलेल्या वेळात जेवतो कोण, झोपतो कोण, आणि मुख्य म्हणजे रांधतो कोण? बारा तास काम करणाऱ्या माणसाच्या मागे घरात दुसरं कुणीतरी बिनपगारी राबत असतं, तेव्हाच हे जमतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या बिनपगारी कामावर बायका दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८, असं आलं आहे. 'तरुणांनी ७० तास काम करावं' या वाक्यातला तरुण मला तरी पुरुषच दिसतो, आणि त्याच्या घरी डबा भरून देणारी आई किंवा बायको दिसते. त्यांचे तास कुणी मोजलेले नाहीत.

आता माझ्या बाबांचं सांगते, कारण दुसरी बाजू मी त्यांच्याकडूनच ऐकली. बाबांनी सोलापुरात यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत आयुष्य काढलं. चादरी आणि टॉवेल. साडेसहाला घरून फोन केला की ते अजून विचारतात, "अगं, एवढ्या लवकर घरी? नोकरी आहे ना बाई नीट?" काम म्हणजे जास्त तास, हे त्यांच्या अंगात भिनलेलं आहे, आणि त्या जास्त तासांवरच माझं इंजिनिअरिंग झालं. म्हणून मूर्तींच्या बोलण्याची मी टर उडवणार नाही. गरीब देशाला कष्टांवाचून वर येता येत नाही हे खरंच आहे. पण बाबा बारा तास राबले ते आठ तासांच्या मजुरीत घर चालत नव्हतं म्हणून. कुणी त्यांना देशासाठी राबा म्हणून सांगायला आलं नव्हतं. आणि मूर्तींनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनी-जपानचं उदाहरण दिलं, तर त्यातला जर्मनी आज कुठे आहे तेही बघावं. श्रीमंत देशांमध्ये वर्षाला सगळ्यात कमी तास काम करणाऱ्यांत जर्मनांचा नंबर लागतो.

ग्रुपवर आणखी एक वाक्य हमखास येतं, "गोऱ्यांची संस्कृतीच तशी, आपल्याला नाही जमणार." हे साफ चूक आहे. ब्रिटनमध्ये आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादा आली ती १ ऑक्टोबर १९९८ ला. तीही आपखुशीने नाही. युरोपीय संघाने १९९३ मध्ये तसा निर्देश काढला, तो रद्द व्हावा म्हणून ब्रिटन सरकार युरोपीय न्यायालयात गेलं आणि १९९६ मध्ये हरलं, तेव्हा कुठे हा नियम इथे लागू झाला.

आपल्याकडे काय होतं? मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी काही वर्षं सभा घेऊन, अर्ज करून ती मिळवली म्हणून. आणि कारखाने कायद्याच्या १९४६ च्या दुरुस्तीने भारतातल्या कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. त्या सुमारास व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. ब्रिटनच्या बावन्न वर्षं आधी! लंडनला किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर, जिथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकायला असताना राहिले आणि जे महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं, ते मी आवर्जून पाहून आले. त्या घराची मालकी ज्या सरकारकडे आहे, त्याच सरकारने बारा तासांच्या दिवसाला मंजुरी द्यावी, हे मला लागतं.

कागद बघायला गेलं तर काही बाबतींत आपला कायदा इथल्यापेक्षा कडक आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानं व आस्थापना कायद्यात जादा वेळेचे पैसे दुप्पट दराने द्यायला सांगितलं आहे. ब्रिटनमध्ये जादा वेळेचे वेगळे पैसे मिळायलाच पाहिजेत असा कायदाच नाही. 'राइट टू डिस्कनेक्ट', म्हणजे कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क, इथेही नाही. लेबर पक्षाने त्याचं आश्वासन दिलं होतं, ते मागे पडलं. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी तसं खासगी विधेयक लोकसभेत पहिल्यांदा मांडलं त्याला आता बरीच वर्षं झाली. मग पुण्यातल्या मैत्रिणीचे दिवसाचे अकरा तास का होतात आणि माझे साडेसात का?

माझं मत असं की फरक 'नाही' म्हणण्याच्या किमतीत आहे. इथे रुजू होताना कागदांच्या गठ्ठ्यात एक फॉर्म होता, ४८ तासांची मर्यादा मला नको असं लिहून देण्याचा. मी सही केली नाही. काही झालं नाही, कुणी विचारलंही नाही. सही केली असती तरी सात दिवसांची नोटीस देऊन ती मागे घेता आली असती; करारात ठरलं असेल तर फार तर तीन महिन्यांची. पुण्यात 'नाही' म्हणणाऱ्यापुढे काय असतं? नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड, ज्यामुळे दुसरी कंपनी तेवढं थांबत नाही. वर्षअखेरीचं मूल्यमापन, ज्यात टीममधल्या कुणाला तरी खालचा क्रमांक द्यावाच लागतो. आणि वर्षाला साडेतीन-चार लाखांवर रुजू व्हायला तयार असलेले हजारो फ्रेशर. हा पगार माझ्या आधीच्या बॅचला होता, आज कॉलेजातून निघणाऱ्यांनाही जवळपास तोच आहे. या तीन गोष्टी जागच्या जागी असताना 'संमती' म्हणजे काय, ते हिंजवडीत कुणालाही विचारा.

इथलाही काळा भाग सांगायला हवा. व्हिसावरच्या माणसाला इथेही 'नाही' म्हणणं महाग पडतं. नोकरी गेली की सहसा साठ दिवसांत दुसरा प्रायोजक, म्हणजे व्हिसाची जबाबदारी घेणारी कंपनी, शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. पाच वर्षांनी मिळणारा कायम वास्तव्याचा हक्क दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव ब्रिटन सरकारच्या मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत आला, त्यानंतर माझ्या ओळखीचे कितीतरी जण गप्प होऊन उशिरापर्यंत बसू लागले. इंग्रज सहकारी साडेपाचला जातो, आपला मुलगा सातपर्यंत थांबतो. ऑफिस तेच, कायदा तोच. आणि माझ्या गल्लीत रात्री अकराला जेवणाची पार्सलं पोचवणाऱ्या मुलांना तर ४८ तासांचा नियम शिवतही नाही. त्यामुळे इंग्लंड म्हणजे कामगारांचा स्वर्ग, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला सगळ्यात जास्त छळते. माझं साडेपाचला उठणं पुण्याच्या खांद्यावर उभं आहे. आमची अर्धी टीम पुण्यात आहे. हिवाळ्यात इथे दुपारचे तीन म्हणजे तिथे रात्रीचे साडेआठ, आणि बैठक तीनला. एकदा पुण्याच्या बाजूचा माइक चालू राहिला आणि एका लहान मुलाचा आवाज आला, "मम्मा, चल ना जेवायला." ती म्हणाली, "पाच मिनिटं, बाळा." त्यानंतर बैठक पाऊण तास चालली. कॉलवरच्या इंग्रजांना ते शब्द कळले नाहीत. मला कळले.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला म्हटलं की बैठक सकाळी साडेनऊला घेऊ, पुण्यात दुपारचे तीन होतील. तो म्हणाला, "अर्थात. त्यांना त्रास होतो हे कुणी बोललंच नाही कधी." दहा मिनिटांत वेळ बदलली. अडचण आली ती पुण्याकडून. तिथल्या मॅनेजरचा निरोप आला की बैठक सकाळी झाली तरी टीम नेहमीसारखी रात्री साडेनऊपर्यंत ऑनलाइन असेल, क्लायंटने काळजी करू नये. क्लायंटने ते मागितलं नव्हतं. त्या लहान मुलाच्या आईला मी फोन केला तेव्हा ती म्हणाली, "अगं, बसावंच लागतं. सर बसलेले असतात ना." सरांच्या वर आणखी कुणीतरी बसलेलं असतं. रात्रीच्या किती तासांवाचून काहीच अडलं नसतं, हे त्या साखळीत कुणीच विचारत नाही, कारण पहिल्यांदा विचारणारा कामचुकार ठरतो. देश पुढे जाण्याशी त्या तासांचा काही संबंध मला दिसत नाही. त्यातून एकही ओळ जास्त लिहिली गेलेली नाही. मी तो कोड रोज बघते.

म्हणून 'किती तास' या वादात मला रस उरलेला नाही. महाराष्ट्र सरकारने तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा १४४ तासांपर्यंत वाढवताना कामगाराची लेखी संमती लागेल असं म्हटलं आहे. मग त्या संमतीला जीव द्या. हिंजवडीत आत-बाहेर जाताना प्रत्येकाला कार्ड स्वाइप करावं लागतं, आणि आठवड्यात किती दिवस ऑफिसला आलात हे कंपन्या त्याच नोंदीवरून मोजतात. ती नोंद दर महिन्याला पगाराच्या स्लिपसोबत कर्मचाऱ्याच्या हातात पडावी, लॉगिनच्या तासांसकट. मग दुप्पट दराचा हिशेब मागायला कागद असेल. नोटीस पीरियड तीसच दिवसांचा असावा. पुण्यात आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटना आहेत, त्यांनी हे लावून धरावं. आणि नियमांत एवढं स्पष्ट लिहावं की जादा तासांची संमती सात दिवसांच्या नोटिशीने मागे घेता येईल, आणि ती मागे घेतली म्हणून बढतीत, बदलीत किंवा मूल्यमापनात नुकसान केलं तर दंड कंपनीने भरायचा, सोलापूरच्या मागवाल्यापासून हिंजवडीच्या कॅम्पसपर्यंत सगळ्यांनी.