'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: डबे, माणसं आणि एक पाना

मागच्या आठवड्यात मी 'तीन दिवस घरच्या घरी' हा लेख टाकला होता. वीज, पाणी आणि बाहेरची मदत हे सगळं एकदमच बंद पडलं तर घरात काय असावं, एवढाच त्याचा विषय. त्यावर 'स्पष्टवक्ता' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. सोयीचं तेवढंच उचललं असं कोणी म्हणायला नको, म्हणून तिचा गोषवारा आधी देते. पिण्याचं पाणी निर्जंतुक करायला टाकायच्या ब्लीचच्या थेंबांचं प्रमाण अर्धवट दिलंय, ही 'जीवघेणी चूक' आहे. यादी म्हणजे तयारी नव्हे, तालीम कुठे आहे? लहान घरात एवढं सामान ठेवायचं कुठे? फोन केला की दहा माणसं धावून येतात, मग या सगळ्याची गरजच काय? आणि शेवटी: "ताई, राग मानू नका, पण तुमच्या घरात माणसांपेक्षा डबे जास्त दिसतात." त्यापुढे एक हसरा चेहरा.

आपण लेख शेवटपर्यंत वाचलात याबद्दल आभार. हे उपरोधाने लिहीत नाहीये.

पण 'राग मानू नका' याबद्दल आधी बोलू. समोरच्याला राग येऊ नये असं ज्याला खरंच वाटतं, तो पुढचं वाक्य गाळतो. ज्याला ते वाक्य लिहायचंच असतं, तो आधी ही चटई अंथरतो. 'ताई' म्हणायचं आणि चिमटा काढायचा, वर दात दाखवायचे! मतभेदाला माझी हरकत कधीच नव्हती. गेल्या सहा वर्षांत इथे माझ्या लेखांवर काय काय लिहिलं गेलंय ते जुन्या वाचकांना माहीत आहे, आणि त्यातली एकही प्रतिक्रिया मी उडवलेली नाही.

थेंबांचं तुमचं बरोबर आहे. मी 'एका लिटरला दोन थेंब' एवढंच लिहून मोकळी झाले. दोन थेंब पुरतात ते ५ ते ९ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेल्या ब्लीचचे. बाटलीवर १ टक्का छापलं असेल तर लिटरला १० थेंब लागतात. ब्लीच बिनवासाचं, बिनरंगाचं हवं, आणि ढवळून पाणी अर्धा तास झाकून ठेवायचं. गढूळ पाणी आधी निवळू द्यायचं, मग गाळायचं. ब्लीच नुसतं ठेवूनही कमजोर होत जातं, त्यामुळे वर्षानुवर्षं मोरीत पडलेल्या बाटलीवर भरवसा ठेवू नये. पाण्यात तेल किंवा एखादं रसायन मिसळलं असेल तर ब्लीचही नको आणि उकळणंही नको, ते पाणी सोडून द्यावं. हे सगळं लिहायला हवं होतं, मान्य. पण त्याच परिच्छेदात, अगदी वरच, ठळक अक्षरांत लिहिलं होतं की जमेल तिथे पाणी उकळाच: खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट, समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं. ते तुम्हाला दिसलं नाही. किरकोळ राहिलेली गोष्ट तेवढी दिसली.

जागेचा प्रश्न माझ्या मते प्रश्नच नाही. पिण्याला आणि जुजबी वापराला माणशी रोज ४ लिटर पाणी धरतात. दोन माणसांना तीन दिवसांचं २४ लिटर होतं, ते पलंगाखाली मावतं. तालमीचं वेगळं लिहीन कधीतरी. सगळं एकाच लेखात येत नाही.

आता डबे.

तुमचं वाक्य वाचून मी उठले आणि अडीअडचणीच्या सामानाचे डबे मोजले. अकरा आहेत. घरात माणसं दोन, आई आणि मी. म्हणजे हिशेब तुमचा चोख आहे, अभिनंदन. नऊ वर्षांपूर्वी मोजला असतात तर उलटा निघाला असता: माणसं तीन आणि डबा एक, तोही शिवणकामाचा.

तेव्हा बाबांना घरी ऑक्सिजन लागायचा. खोलीतल्या हवेतला नायट्रोजन बाजूला काढून ऑक्सिजन पुढे देणारं यंत्र असतं, कॉन्सन्ट्रेटर. ते विजेवर चालतं. वीज गेली की आधी किंचाळतं आणि मग गप्प होतं. त्या वेळेसाठी म्हणून कोपऱ्यात छोटा सिलिंडर होता, भरलेला, रेग्युलेटर लावलेला. कोणी विचारलं असतं तर मी छाती पुढे काढून सांगितलं असतं की आमची तयारी आहे. एका रात्री सव्वादोनला वीज गेली. टॉर्च सापडला, पण आतले सेल पाझरून पांढरा चुरा झालेला. मोबाइलच्या उजेडात सिलिंडरपर्यंत पोचले, नळी जोडली, आणि झडप उघडायची चावी नाही. सिलिंडर आणून देणाऱ्याने ती दिलीच नव्हती की आमच्याकडूनच कुठे गेली, हे मला आजही ठाऊक नाही. बोटांनी ती झडप फिरत नाही. मी करून पाहिलंय, अंगठ्याची साल निघेपर्यंत. तेवढ्यात आई उजेड करावा म्हणून पेटती मेणबत्ती घेऊन आत आली. ऑक्सिजनची जोडणी चालली आहे तिथे. त्याआधी आणि त्यानंतर आईवर इतक्या मोठ्याने मी कधी ओरडलेली नाही.

त्या ओरडण्याने वरच्या मजल्यावरचे काका जागे झाले. अनवाणी खाली आले, बघितलं, काही न विचारता परत वर गेले आणि पाना घेऊन आले. अर्ध्या वळशात झडप उघडली. मध्ये किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. बाबांच्या ओठांकडे बघत होते.

'म्हणजे शेवटी शेजारीच आला ना!' असं तुम्ही आता म्हणाल, म्हणून हे आधीच लिहिते. आला. पण त्याच्याकडे पाना होता. काकांच्या घरात हत्यारांची पेटी होती, ती कुठे आहे हे त्यांना अंधारातही माहीत होतं, आणि पाना गंजलेला नव्हता. ते नुसते धावून आले असते तर त्या खोलीत घाबरलेल्या तीन माणसांची चार झाली असती, एवढंच. शेजारधर्म मलाही कळतो हो. पण एका जिन्यावरची सहाच्या सहा घरं 'शेजारी आहेत की' म्हणून निवांत बसली, तर ऐनवेळी सहा घरांत मिळून एक पाना निघत नाही. हे तुमच्या स्पष्ट नजरेतून सुटलं.

हवं तर तुमच्या बाजूचं उदाहरण मीच देते. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे जपानमध्ये कोबे परिसरात भूकंप झाला. ढिगाऱ्याखाली अडकलेल्यांपैकी जे वाचले, त्यांतल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं. सरकारी पथकं सगळीकडे एकाच वेळी पोचू शकत नव्हती. शेजाऱ्यांच्या बाजूने याहून मोठा दाखला मिळायचा नाही. पण जपानमधल्या वस्त्यांच्या सामायिक साठ्यांत आज काय ठेवलेलं असतं ते बघा: जॅक, करवती, पहारी. खांबाखाली पाय अडकलेल्या माणसाला प्रेमाने ओढून काढता येत नाही, हे ज्यांनी पाहिलंय ती माणसं आपुलकीसोबत पहारही ठेवतात.

फोनचं थोडक्यात. २८ एप्रिल २०२५ ला भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगालची वीज एकदम गेली. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांच्याच असतात, त्या उतरत गेल्या तसे ठिकठिकाणी फोन मुके झाले. कार्डं चालेनात, सुटे पैसे असलेल्यांनाच काही विकत घेता आलं, आणि बातमीसाठी लोक सेलवरच्या रेडिओभोवती गोळा झाले. तुमची दहा माणसं धावून येतील यात मला शंका नाही. त्यांना बोलावणार कसं, एवढंच सांगा. त्याच ओघात तुम्ही लिहिलंय की वीज गेली की तुमच्याकडे सगळे दार लावून कोळशाची शेगडी घेऊन बसायचे आणि 'कोणाला काही झालं नाही'. ते तुमचं नशीब. बंद खोलीत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोकं जड व्हायला लागतं आणि माणसाला वाटतं झोप येतेय. मला 'जीवघेणी चूक' म्हणणाऱ्याने हे दुसऱ्यांना सुचवावं, याची मात्र कमाल वाटली.

असो. अकरा डब्यांत काय आहे ते लेखात आलेलं आहे, इथे उगाळत नाही. टॉर्चचे सेल मात्र आता बाहेर काढून टॉर्चलाच रबराने बांधलेले असतात. त्यातला एक डबा माझा नाही, वरच्या काकांचा आहे. काकू गेल्या, मुलगा लांब असतो, आणि काकांना आता यंत्राशिवाय ऐकू येत नाही. डब्यात त्यांच्या श्रवणयंत्राचे सेल आहेत, झिंक-एअरचे. त्यांच्यावरचा चिकट कागद काढला की हवा लागून ते सुरू होतात, आणि मग वापरा वा वापरू नका, उतरत जातात. काका हौसेने चारही कागद एकदम काढून ठेवायचे, म्हणून पाकीट माझ्याकडे असतं. तो डबा तुमच्या हिशेबात कोणत्या रकान्यात धरायचा, तुम्हीच ठरवा. रात्री मी ओरडले तर आता ते जागे व्हायचे नाहीत, त्यासाठी छताला तीनदा काठी ठोकायचं ठरलंय. काठी दाराआड उभी आहे. ठोकून अजून पाहिलेली नाही.

पाना आमच्याकडेच आहे. परत द्यायला गेले होते, तर काका म्हणाले, राहू दे खालीच. त्यानंतर दीड वर्षाने बाबा गेले, सिलिंडर परत केला, पाना तेवढा राहिला.

मूळ लेखातला ब्लीचचा परिच्छेद काल रात्री दुरुस्त केला आहे. चूक दाखवणाऱ्या वाचकाचं नाव दुरुस्तीखाली द्यायची इथली पद्धत आहे. तुमचं दिलेलं नाही. खरं नाव कळवलंत तर देईन.