टॅरांटुलाला स्पंज नको, वाटीच द्या (माझ्याच जुन्या पोस्टबद्दल)

माझी एक जुनी पोस्ट परत फिरतेय, त्यात मी लिहिलं होतं की टॅरांटुलाच्या (काही जण पाळतात तो मोठा केसाळ कोळी) वाटीत पाणी ठेवू नका, बुडून मरेल, त्याऐवजी ओला स्पंज किंवा कापूस ठेवा. ते चुकीचं होतं, तेव्हा दुकानदाराने सांगितलं आणि मी तसंच टाइप केलं.

खरं सांगायचं तर टॅरांटुला उथळ वाटीत बुडत नाही. अंगावरच्या केसांमुळे तो पाण्यावर तरंगतो, आणि त्याची श्वास घ्यायची पुस्तक-फुप्फुसं (पुस्तकाच्या पानांसारखे थर असलेली फुप्फुसं) पोटाच्या खालच्या बाजूला असतात, पाणी प्यायला तो फक्त तोंडाकडचा भाग टेकवतो. माझी चिलीयन रोझ (टॅरांटुलाचीच एक जात) वाटीच्या काठावर वाकून बराच वेळ तशीच बसते, पहिल्यांदा बघून मीच घाबरलो होतो. स्पंजात तर खाल्लेल्या झुरळांचे तुकडे, माती, विष्ठा अडकून बॅक्टेरिया वाढतात, दोन दिवसांत वास येतो.

आणि हो, कोरड्या भागातला कोळी म्हणून पाणीच नको हेही खोटं. याचे पाय पसरतात ते अंगातल्या द्रवाच्या दाबावर, पाणी कमी पडलं की पोट सुरकुततं आणि पाय आत वळायला लागतात.

मोठ्याला उथळ वाटी, पिल्लाला बाटलीचं झाकण किंवा त्याच्या डब्याच्या भिंतीवर दोन थेंब, बास. जुना स्क्रीनशॉट कुणी पाठवला तर पुढे नका ढकलू, हेच पाठवा.