पतसंस्थेतील ठेवी आणि 5 लाखांचा विमा : खुलासा

‘सहकारी पतसंस्थेतील 5 लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना सरकारी विमा असतो’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. रिझर्व्ह बँकेची उपकंपनी असलेले ठेव विमा व पत हमी महामंडळ 4 फेब्रुवारी 2020 पासून मुद्दल व व्याज मिळून प्रत्येक ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत जे संरक्षण देते, ते व्यापारी आणि सहकारी बँकांतील ठेवींपुरते आहे. पतसंस्था ही बँक नव्हे. तिची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार, किंवा ती बहुराज्यीय असल्यास 2002 च्या केंद्रीय कायद्यानुसार होते.

गोंधळ होणे मात्र स्वाभाविक आहे. सभासदांची किरकोळ बचत गोळा करून त्यांच्याच अडीनडीला कर्ज देणे, एवढ्यावर उभ्या राहिलेल्या या संस्थांत आता सोनेतारण, वाहनकर्ज, लॉकर आणि मोबाइल ॲपही आले आहे. रोजची छोटी बचत दारोदार गोळा करणारा पिग्मी एजंट हातातल्या छोट्या यंत्रातून जी पावती फाडून देतो, ती बँकेच्या पावतीसारखीच दिसते. अर्थशास्त्र जुनेच आहे: कर्ज हप्त्याहप्त्याने वसूल होते, ठेवीदार मात्र एकाच दिवशी दारात येऊ शकतात. अशा वेळी पतसंस्थेची भिस्त राखीव निधी, हाताशी असलेली रोकड आणि वसुली यांवरच असते, आणि पाटीवर ठळक लिहिलेल्या जादा व्याजदरात या जोखमीचेही मोल असते.

याचा अर्थ पतसंस्था बुडतातच असा नव्हे. तशी अफवाही तितकीच घातक. थकबाकीचे प्रमाण आणि लेखापरीक्षणाचा वर्ग (हिशेब तपासणीत संस्थेला मिळालेली श्रेणी) यांविषयी सभासदाला वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारता येते.