मंत्रचळ छंदाने जातो का?

कोकणातल्या बऱ्याच गावांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुनःपुन्हा फिरतो. मंत्रचळ, म्हणजे ओसीडी (नको असलेले विचार पुनःपुन्हा येणे आणि त्यांपायी तीच ती कृती करत राहावे लागणे), हा रिकाम्या डोक्याचा आजार असून बागकाम, भजन किंवा मासेमारी यांत मन गुंतवले की तो जातो, गोळ्या लागत नाहीत, आणि कोकणात त्याचे डॉक्टर तरी कुठे मिळतात, असे त्यात म्हटले आहे. तो पुढे पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे. परंतु त्यावर विसंबून एखाद्या घरातले चालू उपचार थांबले तर हाल रुग्णाचे होतात.

रिकामपणाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. पहाटे बंदरावर जाऊन मासळी घेणारी आणि दिवसभर बाजारात बसणारी बाईसुद्धा रात्री गॅसचे बटण वीस वेळा तपासत असू शकते. आनुवंशिकता आणि मेंदूच्या काही भागांमधील परस्पर-संदेशांत होणारा बिघाड यांचा या आजाराशी संबंध आढळला आहे, आळसाशी नाही.

‘विचार आला की मन दुसरीकडे वळवा’ हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, आणि सर्वांत जास्त नुकसान तोच करतो. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले की तोच विचार डोकावत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रयोगाने दाखवले. ओसीडीत तर विचार दडपण्यासाठी केलेली प्रत्येक गोष्ट हळूहळू सक्तीची होऊन बसते. भजनाची आवड असलेला माणूस ‘एक मणी चुकला’ म्हणून माळ पहिल्यापासून सुरू करू लागला, तर त्याचा छंद आजाराच्या ताब्यात गेलेला असतो.

मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मांडलेली उपचारपद्धती नेमकी उलट दिशेने जाते: भीतीला ठरवून सामोरे जायचे आणि त्यानंतरची सक्तीची कृती करायची नाही. आपल्याकडच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या जागी, हे सहज समजते. घाणीची धास्ती असलेला मुलगा शाडूची माती मळतो, बोटांच्या पेरांत चिखल वाळून तडकतो, हात धुण्यासाठी जीव कासावीस होतो, तरीही उपचारकाशी ठरल्याप्रमाणे तो हात न धुता पुढच्या मूर्तीकडे वळतो. अस्वस्थता चढते आणि हात न धुताही ती सहन होते, हे त्याला स्वतःच्या अनुभवाने कळते. तोच मुलगा विचार विसरण्यासाठी माती मळत बसला, तर त्याला यातले काहीच शिकायला मिळत नाही. कृती एकच असली तरी ती कशासाठी केली जाते यावर सारे अवलंबून आहे.

गोळ्यांबद्दलचे विधान तर धोकादायक आहे. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारखी औषधे ओसीडीत पुष्कळदा नैराश्यापेक्षा जास्त मात्रेत द्यावी लागतात आणि त्यांचा पुरेसा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात. ‘महिना झाला, फरक नाही’ म्हणून ती सोडणे घाईचे ठरते. बरे वाटू लागल्यावर एकदम बंद केल्यास आजार उलटण्याची भीती असते. कमी करायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने करावीत.

मग छंदाला जागाच नाही का? आहे, आणि ती मोठी आहे. दिवसाचे कित्येक तास धुण्यात, मोजण्यात, तपासण्यात गेलेल्या माणसाला उपचारांनी ते तास परत मिळू लागले की ते भरायला काहीतरी हवे असते, नाहीतर आजार पुन्हा तिथे शिरतो. खाडीत पाग टाकणे, पुळणीवरचे क्रिकेट, दशावताराच्या तालमीला जाऊन बसणे, यांपैकी जे त्याला पूर्वी आवडत होते तेच आधी निवडावे. व्यायामाचाही पूरक उपयोग होऊ शकतो.

डॉक्टर दूर असतात ही तक्रार रास्त आहे, पण उपचार नाहीतच असे नव्हे. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासून आहे, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. तिथे बोलताना किंवा प्रत्यक्ष तपासणीच्या वेळी, आजारामुळे रुग्णाने कोणकोणते छंद सोडले हे घरच्यांनी आवर्जून सांगावे. उपचार कुठून सुरू करायचे, हे ठरवायला त्याची मदत होते.