एक दिवस सल्ल्याविना

अमेरिकेत पोरं वाढवायची म्हणजे त्यांना कुठल्या ना कुठल्या गणवेशात कोंबावंच लागतं. आमचे चिरंजीव सॉकर आणि कराटे अशी वळणं घेत शेवटी स्काउटात स्थिरावले आणि त्यांच्यामागून मीही. माझं पद काय, तर गाडी चालवणारा, तंबू वाहणारा आणि कोणी विचारलं नसताना सल्ला देणारा बाप. यातलं तिसरं काम मी जीव ओतून करायचो.

या स्काउटांमध्ये 'ऑर्डर ऑफ द ॲरो' नावाची एक मानाची मंडळी असते. तिचा जन्म आमच्या न्यू जर्सीच्या अगदी वेशीवरचा. पलीकडे पेनसिल्व्हेनिया, अलीकडे आम्ही आणि मधे डेलावेअर नदी. त्या नदीतल्या ट्रेझर आयलंड बेटावर फिलाडेल्फियाच्या स्काउटांचा कॅम्प भरायचा. १९१५च्या उन्हाळ्यात तिथले कॅम्पप्रमुख अर्नर गुडमन (वय वर्षं फक्त चोवीस) आणि त्यांचे सहायक कॅरल एडसन यांच्या डोक्यात आलं, की जी पोरं खरोखर स्काउटासारखी वागतात त्यांचा काहीतरी मान करावा. आपण असतो तर शाल-श्रीफळ देऊन मोकळे झालो असतो. या दोघांनी असा मान शोधून काढला की तो मिळाला की जास्त काम करायला लागतं, आणि वर ते हसतमुखानं करायचं.

निवडणुकीची तऱ्हा तर आणखी न्यारी. दोन वर्षांत पंधरा रात्री कॅम्पिंग केलेलं असलं आणि स्काउटातली 'फर्स्ट क्लास' ही पायरी गाठली असली की पोराचं नाव पुढे येतं. मत तुकडीतली सगळी पोरं देतात, स्वतः सभासद असोत वा नसोत. मोठ्यांना मत नाही. प्रत्येक नावापुढे हो किंवा नाही, निम्म्यांनी हो म्हटलं की झालं. एकाला निवडायचं म्हणून दुसऱ्याला पाडायची भानगडच नाही. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीची निवडणूक जवळून पाहिलेल्या माणसाला हे ऐकून गहिवरून येतं.

चिरंजीव आदल्याच वर्षी निवडून आले होते. मग तुकडीच्या समितीनं मोठ्यांतून माझं नाव सुचवलं. मी घरी पेढे आणायच्या बेतात होतो, तेवढ्यात हिनं नियम वाचून काढले. मोठ्या माणसाला घ्यायचं ते त्याचा गौरव म्हणून नव्हे, संस्थेला त्याचा उपयोग होईल म्हणून, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं.

"म्हणजे हमाल पाहिजे," ही म्हणाली.

प्रवेशासाठी एक शनिवार-रविवार दीक्षा घ्यायची असते. रात्री एकट्यानं उघड्यावर झोपायचं, दुसरा दिवसभर कॅम्पवर राबायचं, जेवण अगदी बेताचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. उघड्यावर झोपणं माझ्या मते यातलं सगळ्यात सोपं. शुक्रवारी रात्री एका ओळीत चालत निघालो आणि एकेकाला एकेका झाडाखाली सोडून पुढारी पुढे गेला, तोवर माझी काही तक्रार नव्हती. वायव्य न्यू जर्सीत अस्वलं असतात हे मला झोपायच्या पिशवीची चेन लावल्यानंतर आठवलं. पण अस्वलानं मला खाल्लं असतं तरी नियमाप्रमाणे मी गप्पच राहिलो असतो, एवढी माझी तयारी होती.

सकाळी न्याहारीला एक उकडलेलं अंडं आणि पावाचा तुकडा हातावर पडला. आता उपवासाचं आम्हाला कोणी शिकवू नये. पण आमचा उपवास म्हणजे एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, आणि अशक्तपणा येऊ नये म्हणून वर शेंगदाण्याचा लाडू. इथे अंडं संपल्यावर मी हात पुढे केला, तर समोरच्या पोरानं त्यात हातमोजे ठेवले.

आमच्या गटात मी, एक ट्रकड्रायव्हर दाढीवाले काका आणि बाकी सगळी शाळकरी पोरं. २०१९पासून मुलीही येतात, त्यामुळे एक चौदा-पंधराची मुलगीही होती. पुढारी म्हणजे 'एलांगोमॅट', शब्द तिथल्या मूळच्या लेनापी लोकांच्या भाषेतला. तो आधीच सभासद असतो, पण नव्यांबरोबर पुन्हा उपाशी राहतो, पुन्हा राबतो. नेता स्वतः उपाशी, हे दृश्य माझ्यासारख्या महाराष्ट्रातून आलेल्या माणसाच्या पचनी पडायला जरा वेळ लागला.

काम होतं टेकडीवरच्या पायवाटेचं. पावसाचं पाणी वाटेनं धावत खाली येतं आणि माती ओरबाडून नेतं. म्हणून वाटेत ओंडका पुरायचा, तोही तिरका, म्हणजे पाणी त्याला अडून बाजूच्या उतारावर जातं. ती मुलगी कुदळीनं चर खणत होती. आडवा. अगदी सरळ आडवा! पाणी मागे तुंबणार, ओंडक्यावरून उडी मारणार आणि पलीकडे खड्डा पाडणार. मी सिव्हिल इंजिनिअर. माझ्या घशात अख्खं व्याख्यान येऊन थांबलं.

मी खुणा सुरू केल्या. दोन्ही हात वळवळवत वरून खाली पाणी आणून दाखवलं. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि आपली पाण्याची बाटली दिली.

पाणी पिऊन मी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी अख्खं अंग तिरकं करून ओंडका झालो. एलांगोमॅट प्रथमोपचाराची पेटी घेऊन धावत आला आणि गोचीड चावली की काय म्हणून माझे पाय तपासू लागला. दाढीवाले काका फावड्यावर हनुवटी टेकवून बघत होते. त्यांचे खांदे हलत होते, आवाज मात्र अजिबात नाही. नियम नियमच.

मी नाद सोडला आणि माती वाहू लागलो. दोन खेपा मारून आलो तेव्हा ती मुलगी चरापासून चार पावलं वर जाऊन उभी होती. तिनं बाटलीतलं उरलेलं पाणी वाटेवर ओतलं, ते कुठे जातं ते पाहिलं, खाली आली आणि चर तिरका खणायला घेतला. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. मला काय वाटलं ते सांगायची सोय नव्हती, आणि हेच मला सगळ्यात जास्त लागलं.

संध्याकाळी समारंभ झाला. पांढऱ्या पट्ट्यावर लाल बाण, तो उजव्या खांद्यावरून घालतात. मग जेवण, आणि एकदाची बोलायची मुभा. दाढीवाल्या काकांना मी पायवाटांच्या निचऱ्याबद्दल सगळं सांगून टाकलं. ते गरीब बिचारे कोंबडी खात ऐकत राहिले.

घरी पट्टा बघून ही खूश झाली. गणपतीत मंडळात घालून मिरवायचा माझा विचार होता, पण तो फक्त संस्थेच्या कार्यक्रमातच घालायचा असतो असं चिरंजीवांनी बजावलं. वर वार्षिक वर्गणीची आठवण केली.

"आणि बाबा, सहा महिन्यांनी तुला पुढची पायरी घेता येईल."

"त्यात पुन्हा दिवसभर गप्प बसायचं असतं का रे?" हिनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही गं आई."

"मग कशाला पैसे भरायचे?"