मोटेलचा पूल आणि आठ फूट गवत

परवा न्यू मेक्सिकोतल्या टुकुमकारीला चोवीस वर्षांनी मुक्काम केला. जुन्या रूट ६६ या महामार्गावरचं गाव. मैलोन् मैल आधीपासून 'टुकुमकारी टुनाइट! २००० मोटेल रूम्स' अशा पाट्या लागायच्या, आणि मागच्या सीटवर आमच्या दोन्ही पोरी "पूल आहे का? पूल आहे का?" करून डोकं खायच्या. (माझ्या आईला त्या वेळी कळेना, या वाळवंटात नदी नाही आणि पूल कसला! पोरींना हवा होता पोहायचा, स्विमिंग पूल.)

त्याच मोटेलात उतरलो. पूलच्या जागी गवत. शिडीचे दोन स्टीलचे दांडे तेवढे जमिनीतून वर आलेले आणि कडेच्या फरशीवर अजून '८ फूट'.

मोटेलचा पूल सहसा मागे, आडोशाला नसायचा. अगदी रस्त्याच्या तोंडावर, ऑफिससमोर. तापलेल्या गाडीतून पोरांना निळं पाणी दिसलं की बापाने ब्रेक मारलाच पाहिजे! मेम्फिसच्या केमन्स विल्सनला हे बरोबर कळलं. १९५१ साली तो बायकापोरांना घेऊन वॉशिंग्टनला निघाला, तर वाटेत मोटेलवाले दर पोरामागे जादा पैसे लावत. चिडून त्याने १९५२ मध्ये हॉलिडे इन नावाचं स्वतःचं मोटेल काढलं. पोरं फुकट, आणि पूल हवाच.

मग १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांच्या इंटरस्टेटची, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या वेगवान महामार्गांची, आखणी झाली. गाड्या गाव टाळून बाहेरून पळायला लागल्या. ज्याने पाहून थांबायचं, तो रस्त्यावरच नाही, तर पूल कुणाला दाखवायचा? वर पूलच्या विम्याचे हप्ते. आधी उडी मारायची फळी गेली, मग पाणी. मोटेलच्या मालकीणबाई सुरतेकडच्या, त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "भाई, पानी सस्ता, बीमा महँगा."

हे सगळं वाचून कुणी 'गेले ते सोनेरी दिवस' म्हणेल. अमेरिकेतले जुने फोटो टाकणारे ग्रुप तर अशा उसाश्यांनी भरलेत. मला ते पटत नाही. १८ जून १९६४ ला फ्लोरिडात, सेंट ऑगस्टिनच्या मॉन्सन मोटर लॉजच्या पूलमध्ये काळे-गोरे आंदोलक एकत्र उतरले, तर चालकाने त्यांच्या अंगावर पाण्यात ॲसिड ओतलं. त्याचा फोटो आहे, शोधून बघा. दुसऱ्याच दिवशी सिनेटने हॉटेल-मोटेलांतल्या वर्णभेदाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा मंजूर केला. त्याआधी दक्षिणेत कितीतरी ठिकाणी रस्त्यावरून दिसणारा तो पूल काळ्या बापाच्या पोरांनी काचेतूनच बघायचा. माझ्या पोरींचा रंग बघून तेव्हा काय उत्तर मिळालं असतं, कोण जाणे.

आमच्या वाट्याला आला तो उतरणीचा काळ. टाइल्स निघालेल्या, क्लोरीनने डोळे लाल, एक खुर्ची मोडकी. तरी त्यात पोरी रात्री दहापर्यंत डुंबल्या, आणि "कुठून आलात?" याखेरीज कुणी काही विचारलं नाही. मला चुकचुकल्यासारखं होतं ते त्या पडीक पूलसाठी.

मालकीणबाईंनी खोल टोकाला, '८ फूट'पाशी, मेथी आणि मिरच्या लावल्यात. माती छान भुसभुशीत आहे म्हणाल्या. निघताना हिच्या हातात मेथीची जुडी दिली. ती बर्फाच्या कूलरमध्ये घालून अल्बुकर्कीपर्यंत नेली.