सायकल ट्रॅक बांधू इच्छिणाऱ्यांस चार समजुतीच्या गोष्टी

आपल्या शहरात सायकल ट्रॅक बांधण्याची जबाबदारी आपल्यावर येऊन पडली असेल, तर सर्वप्रथम मनातली भीती काढून टाकावी. ट्रॅक बांधणे मुळीच अवघड नाही. बांधल्यावर त्यावरून लोक सायकली चालवू लागतील की काय, ही धास्ती मात्र नवख्या माणसाला उगाच छळते. पुण्यासारख्या शहरात या विषयाचा जो दीर्घ अनुभव साठलेला आहे, तो पाहता ही धास्ती निराधार आहे, असे मी खात्रीने सांगू शकतो.

प्रकल्प अहवालाची सुरुवात ‘पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर होते’ या वाक्याने करावी. खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे निघालेले कामगारांचे तांडे, सायकलवर लावायचा पालिकेचा बिल्ला, रात्री दिवा नाही म्हणून पोलिसाने धरणे, तासावर मिळणारी भाड्याची सायकल, हे सारे पहिल्याच पानावर यावे. भूतकाळाचे कौतुक करण्यासाठी रस्त्याची वीतभरही जागा सोडावी लागत नाही. त्या सायकली पुढे गेल्या कुठे, या प्रश्नाला ‘काळाच्या ओघात’ हे दोन शब्द पुरेसे आहेत. काळाच्या ओघात म्हणजे नेमक्या कोणत्या रस्तारुंदीत, कोणत्या उड्डाणपुलाखाली आणि कोणत्या एकेरी वाहतुकीच्या प्रयोगात, हे खोदून काढण्याच्या भानगडीत पडू नये. ओघाला सही नसते, निर्णयांना असते.

आराखडा मात्र अवश्य करून घ्यावा. पुणे महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला आणि त्यात आठशेहून अधिक किलोमीटरचे जाळे कल्पिले होते. तो आराखडा चांगला आहे, हे मी उपरोध क्षणभर बाजूला ठेवून सांगतो. चांगल्या आराखड्याचा फायदा असा की पुढची दहा-पंधरा वर्षे कोणीही काहीही विचारले, तरी ‘सर्व कामे आराखड्यानुसार टप्प्याटप्प्याने सुरू आहेत’ असे उत्तर देता येते, आणि टप्पा म्हणजे किती, हे ठरवण्याचा अधिकार उत्तर देणाऱ्याकडेच राहतो. अंदाजपत्रकात तरतूद करायलाही कचरू नये. आपल्याकडे ‘वर्गीकरण’ नावाची एक सुरेख सोय आहे. वर्षाच्या अखेरीस सायकलच्या नावावरचा निधी न खर्चताच शिल्लक दिसू लागला की तो एखाद्या गल्लीच्या काँक्रिटीकरणाकडे वळवता येतो, आणि सायकलसाठी तरतूद केल्याची बातमी त्यापूर्वीच छापून आलेली असते.

आता जागा. येथे बरेच लोक चुकतात आणि माणसे जिथून कामाला जातात त्या रस्त्यावरच ट्रॅक आखतात. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ साली हीच चूक झाली होती. हजारो माणसे रोज जिथे नोकरीला येतात, तिथे स्थानकाकडून येणाऱ्याला खरोखर उपयोगी पडेल असा ट्रॅक केला गेला. सुदैवाने लवकरच त्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या आणि अनर्थ टळला. त्यापेक्षा तलावाचा काठ केव्हाही सुरक्षित. तिथे कोणाचे ऑफिस नसते, दृश्य चांगले दिसते आणि संकल्पचित्रात फुगे घेतलेली मुले काढता येतात. अर्थात कायद्याची कागदपत्रे आधी तपासावीत. पवई तलावाच्या काठाने आखलेला सायकल व जॉगिंग ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि झालेले काम काढून जागा पूर्ववत करण्यास सांगितले. त्या तलावात मगरी आहेत, हे लक्षात घेता सायकलस्वारांना मोटारींपासून वाचवण्याची ती कल्पना अगदीच टाकाऊ नव्हती.

रहदारीच्या रस्त्यावरच ट्रॅक करणे भाग पडले, तरी निराश होऊ नये. मी रोज ज्या ट्रॅकच्या शेजारून जातो, त्याचे नाव सांगत नाही. वर्णन वाचून तो आपल्याच घराजवळचा आहे, असे आपल्याला वाटेल. हा ट्रॅक पदपथाच्या उंचीवर आहे, म्हणजे त्यावर चढण्यासाठी सायकल उचलावी लागते. चढल्यावर लगेच दोन लोखंडी खांब आहेत. मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून ते रोवले गेले. मोटारसायकली शेजारच्या सोसायटीच्या उतारावरून सुखेनैव शिरतात आणि रुंद हँडलची सायकल मात्र खांबांत अडकते. पुढे लाल पेव्हर ब्लॉक आहेत. पेव्हर ब्लॉकचे वैशिष्ट्य असे की प्रत्येक सांध्यागणिक सायकलस्वाराला आपण पुढे जात असल्याची जाणीव होत राहते. मग चेंबर येते. त्याचे झाकण ट्रॅकच्या पातळीपेक्षा तीन बोटे खाली आहे आणि पावसाळी जाळीचे गज सायकलच्या दिशेने, म्हणजे चाक नेमके आत बसेल असे लावलेले आहेत. हेच गज आडवे लावले असते, तर खर्चात एक रुपयाचाही फरक पडला नसता. परंतु मग मलनिस्सारण विभागाला पथ विभागाशी बोलावे लागले असते. त्यानंतर विजेचा डीपी, त्यानंतर गुलमोहर, त्यानंतर बसथांबा. थांब्याचे छत ट्रॅकच्या मधोमध आहे, कारण थांबा एका निविदेतला आणि ट्रॅक दुसऱ्या. थांब्यापुढे संध्याकाळी पावभाजीची गाडी लागते, आणि न्यायाने सांगायचे तर त्या साऱ्या लांबीत ट्रॅकची सर्वांत निगुतीने झाडलोट तिथेच होते.

रुंदीबद्दल विनाकारण वाद होतात. सायकल ट्रॅक किमान दोन मीटर रुंद असावा, असे रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९६२ सालच्या संहितेत सांगून ठेवले आहे. दोन मीटर आपणही द्यावेत. फक्त ते मोजताना झाड, डीपी आणि खांब यांच्या आरपार टेप धरावी. मोजमाप पुस्तकात झाड दिसत नाही. रंगाबाबत एवढेच सांगतो की तो गुळगुळीत आणि चकचकीत निवडावा. पहिल्या पावसात त्यावर जे काय व्हायचे ते होते. उद्घाटन उन्हाळ्यात असते.

मात्र या विद्येचे मर्म चौकात आहे, आणि तिथे माझा सल्ला नीट लक्ष देऊन वाचावा. सरळ रस्त्यावर सायकलस्वाराला मागून येणाऱ्या वाहनाचा धोका असतोच. परंतु खरी गाठ चौकात पडते, जिथे डावीकडे वळणारा डंपर किंवा बस सरळ निघालेल्या सायकलीच्या वाटेत आडवी येते आणि चालकाला आपल्या डाव्या चाकाजवळचा माणूस दिसतच नाही. नेदरलँड्समध्ये याच्यावर फार विचार केलेला आहे. तिथे चौकातल्या कोपऱ्यावर दगडी बेट बांधून वळण इतके आवळतात की मोठ्या वाहनाला वेग टाकावाच लागतो. सायकलींची थांबण्याची रेषा मोटारींच्या पुढे ठेवतात, म्हणजे सायकलस्वार चालकाच्या डोळ्यांसमोर येतो. आणि छोटा रस्ता ओलांडताना ट्रॅक खाली उतरत नाही, तर मोटारीलाच वर चढून, हळू होऊन जावे लागते. १९७०च्या दशकात तिथे मुलांच्या अपघाती मृत्यूंविरुद्ध आईबाप रस्त्यावर उतरले आणि पाठोपाठ १९७३चे तेलसंकट आले, त्याचा हा परिणाम. आपण असले काही करू नये. आपण चौकाच्या तीस-चाळीस मीटर अलीकडे ट्रॅक संपवावा. ‘ट्रॅक समाप्त’ अशी पाटीही लावू नये. तो आपला आपण विरून जावा, आणि सायकलस्वाराने सिग्नलच्या गर्दीत आपली वाट आपण शोधावी. याचा एक फायदा वरवर लक्षात येत नाही. अपघात चौकात होतात आणि चौकात ट्रॅक नसतो. त्यामुळे ‘सायकल ट्रॅकवर आजतागायत एकही प्राणांतिक अपघात झालेला नाही’ हे वाक्य आपण अहवालात लिहू शकता, आणि ते अक्षरशः खरे असते. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांत चार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. पण ती माणसे आपल्या ट्रॅकवर गेली नाहीत, हे महत्त्वाचे.

ट्रॅक कोणासाठी, असा प्रश्न कधीतरी बैठकीत निघतो. ‘हल्ली सायकल चालवतो कोण?’ असे कोणी विचारले, तर त्या वेळी मान डोलवावी. २०११च्या जनगणनेत कामावर जाण्याचे साधन विचारले होते आणि शेती आणि घरगुती उद्योग सोडून देशातल्या इतर कामकऱ्यांपैकी साधारण तेरा टक्क्यांनी सायकल असे उत्तर दिले होते, ही माहिती बैठकीत काढू नये, वातावरण बिघडते. सायकलस्वार म्हणून हेल्मेट आणि घट्ट कपडे घातलेले रविवारचे गृहस्थ डोळ्यांपुढे ठेवावेत. ते निवेदने चांगली लिहितात, आणि मोटारीच्या मागे सायकल बांधून थेट ट्रॅकपर्यंत येत असल्यामुळे पार्किंगची गरज त्यांनाही पटते.

आमच्या भागातल्या एका इमारतीचे रखवालदार रात्रपाळीला सायकलने येतात. हँडलला डब्याची पिशवी, कॅरिअरला घडी केलेले घोंगडे, दिवा नाही; मागच्या मडगार्डला कोणीतरी चिकटवलेली लाल चकाकती पट्टी तेवढी आहे. नवा ट्रॅक शेजारी असताना हे गृहस्थ ट्रकच्या लगटीने डांबरी रस्त्यावरून जाताना दिसले, म्हणून मी एकदा त्यांना समजुतीने विचारले.

‘‘मामा, तुमच्यासाठी एवढा ट्रॅक केलाय, त्यावरून का येत नाही?’’

‘‘साहेब, त्याच्यावरनं यायचं म्हणजे दर पन्नास पावलाला उतरायचं. आठाच्या ठोक्याला गेटवर नसलो तर अर्धा खाडा मांडतात. अन् ट्रॅक आमच्यासाठी आहे हे आम्हाला कोण सांगणार?’’

या संभाषणातून आपण धडा घ्यावा तो असा, की अशा माणसांना काही विचारू नये. हरकती व सूचना संकेतस्थळावर मागवाव्यात, मुदत सात दिवस ठेवावी आणि अर्जात ई-मेलचा रकाना सक्तीचा करावा. तरीही हजारभर सूचना आल्या, तर त्यांचे संकलन करण्यासाठी सल्लागार नेमावा.

एका शहराविषयी मात्र सावध करतो. स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये सायकलींचे प्रमाण नगण्य होते आणि उन्हाळा असा की आपला वैशाख बरा. तिथल्या पालिकेने २००६ पासून चार-पाच वर्षांत शंभराहून अधिक किलोमीटरचे ट्रॅक बांधले. ते मोटारींपासून कठड्याने वेगळे केलेले होते, आणि मुख्य म्हणजे एकमेकांना सलग जोडलेले होते. त्यासाठी लागणारी जागा बऱ्याच ठिकाणी मोटारी उभ्या करण्याच्या जागेतून काढून घेतली. परिणाम व्हायचा तो झाला आणि रोजच्या सायकलींची संख्या कित्येक पटींनी वाढली. आपल्याकडे ‘आधी सायकलस्वार दाखवा, मग ट्रॅक देऊ’ हा जो भक्कम युक्तिवाद आहे, तो तिथे कोणी केलाच नाही, असे दिसते. नदीत पोहणारे दिसत नाहीत, तेव्हा पूल कशाला, असा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही सुचला नव्हता, हे आपले नशीब.

उरले उद्घाटन. पाहुण्यांसाठी सायकली आदल्या रात्रीच टेम्पोने मागवाव्यात, हवा भरलेली असावी आणि सीट शक्य तितकी खाली घ्यावी. फीत पहिल्या खांबाच्या पुढे बांधावी, मागे नव्हे. मागे बांधल्यास मान्यवरांचे हँडल खांबात अडकते आणि छायाचित्र नको ते येते. पाहुण्यांनी पहिल्या चेंबरपर्यंत जावे आणि तिथे उतरून मनोगत व्यक्त करावे. त्या सकाळी रस्त्यावर वाहने लावण्यास मनाई असते, तेव्हा सायकली परत न्यायला आलेला टेम्पो उभा कुठे करायचा, अशी अडचण उभी राहील. तो ट्रॅकवर चढवावा, रुंदी अगदी बेताची असली तरी तो बसतो.